पहिले महान्यायवादी आणि मर्जीचे कलम

स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करणाऱ्या कोणत्याही मुलाला विचारा, भारताचे पहिले ॲटर्नी जनरल, म्हणजे महान्यायवादी, कोण? तो एका दमात सांगेल, मोतीलाल चिमणलाल सेटलवाड. अनुच्छेद कोणता? शहात्तर. नेमणूक कोण करतो? राष्ट्रपती. झाले, गुण मिळाले, पुढचा प्रश्न. पण हा माणूस कोण होता, तेरा वर्षे त्या पदावर बसून त्याने केले काय, आणि पंतप्रधानांना न रुचणारी एखादी गोष्ट त्याने कधी केली का, हे कोणी विचारत नाही. मार्गदर्शक पुस्तकातही ते नसते.

देशाचा सर्वोच्च सरकारी वकील पंतप्रधानांच्या हाताखालचा असावा की त्यांच्यापासून स्वतंत्र असावा, हा प्रश्न दिल्लीतल्या बड्या वकिलांचा आहे, आपल्या वस्तीचा त्याच्याशी काय संबंध, असे काहींना वाटेल. त्यांनी मार्च २०१८ आठवावा. महाराष्ट्रातल्याच एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २० मार्चला अॅट्रॉसिटी कायद्याची धार बोथट केली. अटकेआधी परवानगी, गुन्हा नोंदवण्याआधी चौकशी, अटकपूर्व जामिनाची वाट मोकळी. संसदेने केलेल्या कायद्याची बाजू केंद्राच्या कायदा अधिकाऱ्यांनी न्यायालयात पुरेशा ठामपणे मांडली नाही, अशी टीका त्या वेळी देशभर झाली. २ एप्रिलला भारत बंद झाला, माणसे मेली, त्याच दिवशी सरकारने फेरविचार याचिका दाखल केली, ऑगस्टमध्ये संसदेने दुरुस्ती केली आणि १ ऑक्टोबर २०१९ रोजी न्यायालयाने आपले ते निर्देश मागे घेतले. सरकारी वकील न्यायालयात कोणत्या सुरात बोलतो याची किंमत कोण मोजतो, हे त्या दीड वर्षात दिसले. म्हणून सेटलवाडांची गोष्ट आज सांगावीशी वाटते.

सेटलवाड हे नाव आंबेडकरी चळवळीला परके नाही. २० जुलै १९२४ रोजी बाबासाहेबांनी बहिष्कृत हितकारिणी सभा स्थापन केली. बाबासाहेब तिच्या व्यवस्थापक मंडळाचे अध्यक्ष होते आणि सभेच्या अध्यक्षपदी होते सर चिमणलाल सेटलवाड. मोतीलाल त्यांचेच चिरंजीव. चिमणलाल हे मुंबईच्या उदारमतवादी पुढाऱ्यांपैकी एक, मुंबई विद्यापीठाचे कुलगुरू. या उदारमतवाद्यांची सहानुभूती कुठपर्यंत चालत येई आणि कुठे थांबे हा वेगळा विषय आहे. पण एक गोष्ट चिमणलालांच्या नावावर जमा करावीच लागेल. जालियनवाला बागेच्या हत्याकांडाची चौकशी करण्यासाठी सरकारने हंटर समिती नेमली तेव्हा ते तिचे सदस्य होते. जनरल डायरला त्यांनी असे प्रश्न विचारले की, वाट अरुंद नसती तर चिलखती गाड्या आत नेऊन त्यांवरच्या मशीनगनही चालवल्या असत्या, हे डायरच्या तोंडून बाहेर पडले. समितीतल्या गोऱ्या बहुमताला न जुमानता हिंदी सदस्यांनी आपला वेगळा अहवाल दिला. सरकारनेच नेमले म्हणून सरकारचीच री ओढायची नसते, हे मोतीलालने घरात पाहिले होते.

मोतीलालांचा जन्म १२ नोव्हेंबर १८८४ रोजी अहमदाबादला झाला. वकिली केली मुंबईत. वडील नामांकित वकील, घरात कायद्याची पुस्तके, ओळखीपाळखी तयार. त्याच मुंबई उच्च न्यायालयात १९२३ पासून बाबासाहेबही वकिली करू लागले. परदेशातल्या दोन विद्यापीठांच्या पदव्या आणि बॅरिस्टरी पदरात असूनही अस्पृश्य म्हणून सॉलिसिटर त्यांच्याकडे काम द्यायला नाखूश असत. एकाच इमारतीत एकाला जिना आणि दुसऱ्याला भिंत. हे सांगितले ते सेटलवाडांना कमी लेखण्यासाठी नव्हे. माणूस पुढे स्वतंत्र बाण्याने वागतो तेव्हा त्या बाण्यामागे भरलेले घरही असते, एवढे लक्षात ठेवावे म्हणून. पद गेले तर उद्या चूल कशी पेटेल ही चिंता सेटलवाडांना कधी नव्हती.

१९३७ साली ते मुंबई प्रांताचे ॲडव्होकेट जनरल झाले. त्याच वर्षी स्वतंत्र मजूर पक्षाचे आमदार घेऊन बाबासाहेब मुंबईच्या विधानसभेत गेले. १९३५ च्या कायद्यात या पदाची एक गंमत होती. ॲडव्होकेट जनरलची नेमणूक आणि बडतर्फी ही गव्हर्नरने स्वतःच्या निर्णयबुद्धीने करायची बाब होती. मंत्र्यांचा सल्ला त्याच्यावर बंधनकारक नव्हता. कागदावर पाहिले तर इंग्रजी अमलातला प्रांतिक कायदा अधिकारी प्रांतिक मंत्र्यांपासून आजच्यापेक्षा अधिक सुरक्षित होता! अर्थात ती सुरक्षा लोकांसाठी नव्हती, साम्राज्यासाठी होती. सेटलवाडांनी १९४२ च्या आंदोलनाच्या काळात हे पद सोडून दिले. त्याच जुलै महिन्यात बाबासाहेब व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर सदस्य म्हणून रुजू झाले होते. एकाने त्या काळी सरकारी पद टाकले, दुसऱ्याने घेतले. त्यावरून बाबासाहेबांना दूषणे देणाऱ्यांची कमतरता आजही नाही. पण कामगारांच्या पदरात त्या चार वर्षांत काय पडले याचा हिशेब ही मंडळी कधी मांडत नाहीत. असो.

१९४७ च्या जुलैत लाहोरला पंजाब सीमा आयोगापुढे काँग्रेसची बाजू मांडायला सेटलवाड उभे होते. समोर मुस्लिम लीगतर्फे जफरुल्ला खान. पुढे काश्मीरच्या प्रश्नावर संयुक्त राष्ट्रसंघात गेलेल्या भारतीय शिष्टमंडळातही ते होते.

इकडे घटना समितीत महान्यायवादी या पदाचा आकार ठरत होता. हा भाग जरा सावकाश पाहिला पाहिजे, कारण सगळी ग्यानबाची मेख इथेच आहे.

जगात तेव्हा दोन नमुने समोर होते. इंग्लंडमध्ये ॲटर्नी जनरल हा सत्ताधारी पक्षाचाच संसद सदस्य असतो, सरकारबरोबर येतो आणि सरकारबरोबर जातो. तरीही खटला भरायचा की मागे घ्यायचा हे ठरवताना मंत्रिमंडळाने त्याच्यावर दबाव आणायचा नाही असा तिथे संकेत आहे. १९२४ साली एका कम्युनिस्ट संपादकावरचा खटला मागे घेतला गेला आणि त्यात राजकीय हात असल्याच्या आरोपावरून तिथले पहिले मजूर सरकार कोसळले. दुसरा नमुना अमेरिकेचा. तिथे ॲटर्नी जनरल हा राष्ट्राध्यक्षांच्या मंत्रिमंडळाचा सदस्य असतो. १९६१ साली केनेडींनी तर आपल्या सख्ख्या भावालाच तिथे बसवले. पण त्याच देशात ऑक्टोबर १९७३ मध्ये वॉटरगेटचा तपास करणाऱ्या विशेष वकिलाला काढून टाका हा निक्सनचा हुकूम पाळण्यापेक्षा ॲटर्नी जनरल इलियट रिचर्डसन यांनी राजीनामा दिला. त्यांच्या हाताखालच्या रकल्सहाउस यांनीही हुकूम मानला नाही. तिसऱ्याने मानला. म्हणजे दोन्ही देशांत पद राजकीयच. राखण करतो तो संकेत किंवा माणूस.

आपल्या १९४८ च्या मसुद्यात इंग्लंडची छाया होती. पंतप्रधानांनी राजीनामा दिला की महान्यायवादीनेही पद सोडावे, असे एक पोटकलम त्यात होते. अंतिम राज्यघटनेत ते राहिले नाही. महान्यायवादीचे नशीब पंतप्रधानांच्या खुर्चीला बांधलेले राहिले नाही, ही चांगली गोष्ट झाली. पण त्याच्या जागी आले ते मर्जीचे कलम. राष्ट्रपतींची मर्जी असेपर्यंत तो पदावर राहील. मुदत नाही, वयाची अट नाही, काढताना कारण सांगण्याची सक्ती नाही. आणि राष्ट्रपतींची मर्जी म्हणजे व्यवहारात कोणाची मर्जी, हे शाळकरी पोरालाही कळते.

बाबासाहेबांना स्वतंत्र पद कसे बांधायचे हे ठाऊक नव्हते का? चांगलेच ठाऊक होते. महालेखापरीक्षकाला त्यांनी न्यायाधीशासारखे संरक्षण दिले. त्या अधिकाऱ्याला ते न्यायपालिकेपेक्षाही महत्त्वाचा मानत होते. मुख्य निवडणूक आयुक्तालाही तसेच संरक्षण मिळाले. मग महान्यायवादीलाच उघड्यावर का ठेवले? मला वाटते, उत्तर त्या पदाच्या दुहेरी स्वभावात आहे. हिशेब तपासणारा सरकारचा वकील नसतो. महान्यायवादी असतो. अशिलाला आपला वकील निवडायचा आणि बदलायचा हक्क असतो, आणि निवडून आलेल्या सरकारवर त्याला नको असलेला वकील लादता येत नाही. पण हे अशील साधे अशील नाही. त्याच्या हातात पोलीस आहेत, तुरुंग आहेत, तिजोरी आहे. त्याचा वकील फक्त त्याचाच होऊन राहिला तर न्यायालयात कायद्याच्या बाजूने सरकारच्या आतून बोलणारा कोणी उरत नाही. राज्यघटनेने हा पेच सोडवला नाही. घटनात्मक नीतिमत्तेवर भिस्त ठेवून तो माणसांच्या हाती सोपवला. ही नीतिमत्ता आपल्या मातीत आपोआप उगवत नाही, ती मशागत करून आणावी लागते, हे तर बाबासाहेबच घटना समितीला सांगत होते.

२८ जानेवारी १९५० रोजी सेटलवाड महान्यायवादी झाले तेव्हा ते पासष्ट वर्षांचे होते आणि कायदामंत्री होते डॉ. बाबासाहेब आंबेडकर.

सेटलवाड काही सरकारविरोधी नव्हते. पहिल्याच वर्षी ए. के. गोपालन या कम्युनिस्ट नेत्याच्या स्थानबद्धतेचा खटला सर्वोच्च न्यायालयात आला तेव्हा त्यांनी केंद्राच्या वतीने प्रतिबंधक स्थानबद्धता कायद्याचे समर्थन केले. मे १९५० मध्ये निकाल बहुतांशी सरकारच्या बाजूने लागला. व्यक्तिस्वातंत्र्याच्या अनुच्छेद २१ चा जो अरुंद अर्थ त्या निकालाने लावला तो रुंद व्हायला १९७८ साल उजाडावे लागले. सेटलवाडांच्या खात्यात ही नोंदही राहू द्यावी. स्वतंत्र कायदा अधिकारी म्हणजे सरकारशी रोज भांडणारा माणूस नव्हे, आणि तो नेहमी लोकांच्या बाजूनेच असतो असेही नव्हे.

पण पुढच्याच वर्षीची गोष्ट पाहा. सप्टेंबर १९५१. बाबासाहेबांचे हिंदू कोड बिल संसदेत अडकले होते. सनातन्यांचा धिंगाणा चालू होता. अशात राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांनी पंतप्रधानांना कळवले की, या विधेयकाबाबत आपण मंत्रिमंडळाच्या सल्ल्याने न चालता स्वतःच्या विचाराने निर्णय घेऊ इच्छितो. देशाच्या घटनात्मक प्रमुखाने संसदेच्या कायद्यापुढे उभी केलेली ही भिंत होती. नेहरूंनी दोघांचे मत मागवले. एक अल्लादी कृष्णस्वामी अय्यर आणि दुसरे महान्यायवादी सेटलवाड. दोघांचेही मत एकच आले. राष्ट्रपतींना मंत्रिमंडळाच्या सल्ल्याबाहेर जाता येत नाही. ज्यांच्या सहीने सेटलवाडांची नेमणूक झाली, ज्यांच्या मर्जीवर कागदोपत्री त्यांचे पद होते, त्या राष्ट्रपतींना त्यांनी कायद्याने नकार दिला.

यात स्वातंत्र्य कसले, मत तर पंतप्रधानांच्या सोयीचेच होते, असे कोणी म्हणेल. म्हणू द्या. ते मत घटनेला धरून होते हे पुढे सर्वोच्च न्यायालयाच्या निकालांनी आणि १९७६ च्या घटनादुरुस्तीने पक्के झाले. नोव्हेंबर १९६० मध्ये राजेंद्रप्रसादांनी दिल्लीत जाहीर भाषणात राष्ट्रपतींच्या अधिकारांचा तोच प्रश्न पुन्हा उकरून काढला, पण राज्यव्यवहार त्या मताप्रमाणेच चालत राहिला. खरी खंत वेगळी आहे. महान्यायवादीने वाट मोकळी करून दिली आणि तरीही पंतप्रधान त्या वाटेने गेले नाहीत. विधेयक गुंडाळले गेले. २७ सप्टेंबर १९५१ रोजी बाबासाहेबांनी राजीनामा दिला. कायद्याचा सल्ला कितीही निर्भीड असो, सत्ताधाऱ्याची छाती लहान असेल तर तो फायलीतच राहतो. बाबासाहेब मंत्रिमंडळातून गेले, सेटलवाड महान्यायवादी राहिले.

मधल्या काळातली एक हकीकत मराठी वाचकाला सांगितलीच पाहिजे. १९५४ साली दादरा आणि नगर हवेली पोर्तुगीजांच्या तावडीतून सुटली. पोर्तुगालने १९५५ च्या डिसेंबरात हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात भारताविरुद्ध दावा लावला की, दमणहून त्या प्रदेशांत जाण्यायेण्याचा हक्क आम्हाला आहे. भारताची बाजू मांडायला सेटलवाड गेले. तिथे वाद कशावर रंगला? पेशव्यांनी १७७९ साली पोर्तुगीजांशी केलेल्या तहावर आणि १७८३ व १७८५ च्या सनदांवर. पेशव्यांनी गावे दिली ती मुलूख म्हणून की नुसत्या वसुलीसाठी, सरंजाम म्हणजे काय, जहागीर म्हणजे काय, याचा खल युरोपातले न्यायाधीश करत होते. १२ एप्रिल १९६० च्या निकालात न्यायालयाने मान्य केले की, मराठ्यांनी दिला तो महसूल, सार्वभौमत्व नव्हे. खासगी माणसे, मुलकी अधिकारी आणि साधा माल यांच्यापुरता जाण्यायेण्याचा हक्क पोर्तुगालला होता, सैन्य आणि शस्त्रांचा नव्हता, आणि भारताने कोणतेही कर्तव्य मोडलेले नाही. पुण्याच्या दरबारातला कागद हेगमध्ये कामाला आला.

१९५५ साली स्वतंत्र भारताचा पहिला विधी आयोग नेमला गेला. अध्यक्ष सेटलवाड. म्हणजे सरकारचा वकीलच न्यायव्यवस्थेची झाडाझडती घेणार होता. १९५८ च्या चौदाव्या अहवालात आयोगाने कोणाची भीड ठेवली नाही. उच्च न्यायालयांच्या नेमणुकांत राज्यांचे मंत्री लुडबुड करतात, राजकीय, प्रादेशिक आणि जातीय विचाराने माणसे निवडली जातात, असे सरळ लिहिले. सरकारला ते झोंबले. इथे आपले एक म्हणणे नोंदवले पाहिजे. नेमणुकांत जात शिरते हे आयोगाला दिसले. पण ती कोणाची जात शिरते आणि कोणाची दाराबाहेरच राहते, हे त्या विद्वान मंडळींना विचारावेसे वाटले नाही. सर्वोच्च न्यायालयात अनुसूचित जातीचा पहिला न्यायाधीश, ए. वरदराजन, यायला १९८० साल लागले. गुणवत्तेच्या नावाने चालणाऱ्या जातीविषयी सेटलवाडांचा वर्ग बहुधा गप्पच राहिला.

आता मुंदडा प्रकरण. सेटलवाडांची खरी कसोटी तिथे लागली.

१९५६ साली आयुर्विम्याचे राष्ट्रीयीकरण झाले आणि आयुर्विमा महामंडळ उभे राहिले. कारकुनांचा, शाळामास्तरांचा, रेल्वेतल्या माणसांचा पै पै करून भरलेला हप्ता सरकारच्या हाती आला. जून १९५७ मध्ये महामंडळाने हरिदास मुंदडा नावाच्या कलकत्त्याच्या उद्योगपतीच्या सहा कंपन्यांचे सुमारे सव्वा कोटी रुपयांचे शेअर विकत घेतले. मुंदडा अडचणीत होता. महामंडळाच्या गुंतवणूक समितीला विचारले गेले नव्हते. व्यवहाराला अर्थखात्याचा हात होता. डिसेंबरमध्ये लोकसभेत हे प्रकरण उघडे पाडले ते काँग्रेसच्याच फिरोज गांधींनी. पंतप्रधानांचे जावई!

अर्थमंत्री होते टी. टी. कृष्णम्माचारी. हे नाव आपल्या वाचकाला नव्याने सांगायला नको. मसुदा समितीचे सात सदस्य असताना घटना लिहिण्याचा भार एकट्या डॉ. आंबेडकरांवर पडला, अशी कबुली नोव्हेंबर १९४८ मध्ये भर सभागृहात देणारे ते हेच. दरवर्षी संविधान दिनाला आपण त्यांच्या भाषणाचा दाखला देतो. कर्तबगार माणूस, नेहरूंच्या विश्वासातला. अशा मंत्र्याची चौकशी आली.

जानेवारी १९५८ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायाधीश एम. सी. छगला यांचा एकसदस्य आयोग नेमला गेला. छगलांनी कामकाज उघड्यावर चालवले. मुंबईकरांची इतकी गर्दी उसळली की बाहेरच्या लोकांना ऐकू जावे म्हणून ध्वनिक्षेपक लावावे लागले. आयोगाला साहाय्य करायला महान्यायवादी सेटलवाड उभे राहिले. आजच्या सवयीप्रमाणे पाहिले तर सरकारच्या वकिलाचे काम काय? मंत्र्याला वाचवणे, दोष खालच्या सचिवावर ढकलणे, तारखा मागणे. सेटलवाडांनी मंत्र्यांचा बचाव हे आपले काम मानले नाही. व्यवहारात खरे काय घडले ते आयोगासमोर यावे, एवढेच काम त्यांनी मानले. साक्षी झाल्या, अर्थसचिव एच. एम. पटेल आणि मंत्री यांच्या जबान्या एकमेकींशी जुळेनात. अवघ्या काही आठवड्यांत, १० फेब्रुवारीला, छगलांनी अहवाल दिला. सचिवाने केलेल्या कृत्याची घटनात्मक जबाबदारी मंत्र्याला टाळता येत नाही. त्याच महिन्यात कृष्णम्माचारींनी राजीनामा दिला.

नेहरू नाराज झाले. चौकशीची पद्धत त्यांना रुचली नाही आणि कृष्णम्माचारींविषयीचा आपला विश्वास त्यांनी लपवला नाही. १९६२ साली कृष्णम्माचारी मंत्रिमंडळात परत आले आणि १९६३ मध्ये पुन्हा अर्थमंत्री झाले. म्हणजे पंतप्रधानांचे मन कुठे होते ते स्पष्ट आहे. असे असताना मर्जीचे कलम हाताशी होते. एक सही केली असती तर सेटलवाड घरी गेले असते; संसदेत कोणाला कारणही सांगावे लागले नसते. ती सही झाली नाही. सेटलवाड पुढे पाच वर्षे, १ मार्च १९६३ पर्यंत, महान्यायवादी राहिले. इतका प्रदीर्घ काळ त्या पदावर दुसरे कोणी राहिलेले नाही.

इथे श्रेय कोणाचे? सेटलवाडांचे, हे तर खरेच. पण चिडूनही न काढणाऱ्या पंतप्रधानांचेही. नेहरूंवर आपली टीका आहे, हिंदू कोड बिलाच्या वेळी त्यांनी बाबासाहेबांना वाऱ्यावर सोडले हे आपण विसरणार नाही. तरी ही गोष्ट त्यांच्या पदरात टाकली पाहिजे. आणि नेमकी हीच गोष्ट मला अस्वस्थ करते. सेटलवाडांचे स्वातंत्र्य टिकले ते एका बाजूला त्यांचा ताठ कणा होता आणि दुसऱ्या बाजूला एका सत्ताधाऱ्याचा संयम होता म्हणून. घटनेतले कोणतेही कलम त्यांच्या पाठीशी नव्हते. दोघांपैकी एक जरी वेगळा असता तर? ज्याला राखीव शिदोरी नाही, ज्याचे वडील सर नाहीत, अशा घरातला एखादा हुशार वकील उद्या त्या खुर्चीत बसला तर त्याला सरकारला नाही म्हणणे किती महाग पडेल? म्हणून मला वाटते, वकील बदलण्याचा सरकारचा हक्क राहू द्यावा, पण महान्यायवादीला ठरावीक मुदत असावी आणि मुदतीआधी काढायचे तर कारण संसदेपुढे लेखी ठेवावे लागावे. महालेखापरीक्षकाएवढे कडेकोट संरक्षण नको. निदान काढणाऱ्याला चार लोकांत तोंड दाखवावे लागेल एवढे तरी हवे.

पद सोडल्यावर सेटलवाड मुंबईत राहिले. १९६६ ते १९७२ ते राज्यसभेचे नामनिर्देशित सदस्य होते. १९७० साली त्यांचे आत्मचरित्र प्रसिद्ध झाले. वयाची पंच्याऐंशी उलटली तरी हा म्हातारा गप्प बसणारा नव्हता. २४ एप्रिल १९७३ रोजी केशवानंद भारती खटल्याचा निकाल लागला. दुसऱ्याच दिवशी सरकारने शेलत, हेगडे आणि ग्रोव्हर या तीन ज्येष्ठ न्यायाधीशांना डावलून ए. एन. रे यांना सरन्यायाधीश केले. त्याविरुद्ध छगला, माजी सरन्यायाधीश जे. सी. शाह, तारकुंडे, पालखीवाला यांच्यासोबत सेटलवाडांनी जाहीर निषेध केला. तेव्हा ते अठ्ठ्याऐंशी वर्षांचे होते. त्याच वेळी त्यांच्या जुन्या खुर्चीत बसलेले नीरेन डे केशवानंद खटल्यात सरकारची बाजू लढून नुकतेच मोकळे झाले होते.

१ ऑगस्ट १९७४ रोजी सेटलवाड गेले. आणीबाणी त्यांना पाहावी लागली नाही. अकरा महिन्यांनी, जून १९७५ मध्ये, ती आली तेव्हा अतिरिक्त सॉलिसिटर जनरल फली नरीमन यांनी ताबडतोब राजीनामा दिला. महान्यायवादी नीरेन डे यांनी दिला नाही. स्थानबद्धांना न्यायालयाचे दार ठोठावता येते की नाही, हा खटला सर्वोच्च न्यायालयात पाच न्यायाधीशांपुढे उभा राहिला. अध्यक्षस्थानी तेच ए. एन. रे. न्यायमूर्ती एच. आर. खन्ना यांनी डे यांना विचारले की, एखाद्या पोलिसाने वैयक्तिक वैरातून कोणाचा खून केला तर तरी काही दाद मागता येईल का? आपला युक्तिवाद सुसंगत ठेवायचा तर आणीबाणी आहे तोवर येणार नाही, असे भारताच्या महान्यायवादीने सांगितले.

२८ एप्रिल १९७६ रोजी निकाल लागला. चार न्यायाधीश सरकारच्या बाजूने, एकटे खन्ना विरुद्ध. जानेवारी १९७७ मध्ये खन्नांना डावलून बेग यांना सरन्यायाधीश केले गेले आणि खन्नांनी राजीनामा दिला. मार्चच्या निवडणुकीत सरकार पडले. ३१ मार्च १९७७ रोजी नीरेन डे यांची कारकीर्द संपली आणि दुसऱ्या दिवशी एस. व्ही. गुप्ते नवे महान्यायवादी झाले. बेचाळिसाव्या आणि चव्वेचाळिसाव्या दुरुस्तीत घटनेची कितीतरी कलमे बदलली गेली, आणीबाणीची कलमे पुन्हा लिहिली गेली. अनुच्छेद ७६ ला कोणी हात लावला नाही.